‘कृष्णाकाठ’ : वडवणीहून वाचताना

दिवाळी अंकातला टीकालेख कोणी आधी वाचत नाही, याची मला पुरेपूर कल्पना आहे. अंक घरात आला की पहिल्यांदा मुले हास्यचित्रे पाहतात, मग राशिभविष्य वाचले जाते, मग कथा. आणि फराळाचे डबे निम्मे रिकामे झाल्यावर, दुपारच्या आडवे होण्याच्या वेळी, कोणा एखाद्याच्या हाती हे पान लागते. त्या एखाद्यासाठीच मी हे लिहीत आहे. पुस्तक नवे नाही. ते १९८४ साली निघाले आणि महाराष्ट्राने ते केव्हाच वाचून टाकले. यशवंतराव चव्हाण यांचे ‘कृष्णाकाठ’ हे ते आत्मचरित्र. मी मात्र ते यंदा दुसऱ्यांदा वाचले, आणि त्याला कारण एक सहावीतला मुलगा झाला.

भाद्रपदातली गोष्ट. मधल्या सुट्टीत मी पुस्तक टेबलावर उघडे टाकून पाणी प्यायला गेलो होतो. परत येतो तो हा मुलगा पुस्तक मिटून त्याच्या मुखपृष्ठावरची अक्षरे बोटाने लावीत उभा. मला पाहताच म्हणाला, “गुरुजी, कृष्णाकाठ म्हंजे आमचा फडच की! आमची टोळी दरसाल तिकडंच आसती.”

मला हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही. ज्या नदीकाठावर एका मुलाने शाळेत जाण्यासाठी काय काय केले हे त्या पुस्तकात लिहिले आहे, त्याच नदीकाठासाठी आमच्या वडवणीची मुले दर दिवाळीला शाळा सोडतात. मी स्वतः त्यातलाच. माझे आईबाप ऊस तोडीत असत. आजी गावात घर धरून होती म्हणून मी मॅट्रिकपर्यंत तरी पोचलो. पुढे गेलो नाही. आज एका खाजगी शाळेत लहान वर्गांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा हे परीक्षण विद्वानाचे नव्हे. उसाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका वाचकाचे आहे, एवढे ध्यानात घेऊन वाचावे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला लोकांनी निवडून दिलेला गव्हर्नर असतो. आपला राज्यपाल तसा नाही. तिथल्या गव्हर्नराचे काम आपल्याकडे मुख्यमंत्री करतो. यशवंतराव १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या दिवसांत संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले. मग गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळीत १९७९ साली काही काळ उपपंतप्रधानही झाले. एवढ्या मोठ्या कारकिर्दीचा माणूस आत्मचरित्र लिहितो म्हटल्यावर वाचक कशाची वाट पाहील? मंत्रालयातल्या खलबतांची, दिल्लीतल्या डावपेचांची. ‘कृष्णाकाठ’ यांतले काहीच देत नाही. १९४६ साली यशवंतराव निवडून येतात, पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईस जायला निघतात, आणि पुस्तक संपते. सत्तेच्या उंबऱ्यावर पाऊल पडते न पडते तोच लेखक लेखणी खाली ठेवतो.

ही या पुस्तकाची मोठी शोभा आहे आणि मोठी उणीवही आहे, असे माझे मत झाले आहे. दोन्ही गोष्टी मी क्रमाने सांगतो.

शोभा आधी. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी यशवंतरावांचा जन्म झाला. प्रसंग अवघड होता. आजीने सागरोबाला साकडे घातले आणि यश मागितले, म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवले. वडील कोर्टात बेलिफ. प्लेगच्या साथीत ते गेले तेव्हा मूल चार-पाच वर्षांचे होते. मागे राहिली ती आई, विठाबाई. तिला अक्षरओळख नव्हती. पण मुलांना शिकवायचे, एवढे एक तिने मनाशी धरले होते. थोरल्या भावाने नोकरी धरली, मधले गणपतराव चळवळीत आणि विचारांत रमले, आणि धाकटा यशवंत कराडच्या टिळक हायस्कुलात जाऊ लागला.

हे सारे यशवंतरावांनी ज्या साधेपणाने लिहिले आहे, त्याला तोड नाही. गरिबीचे रडगाणे नाही, तिचा मिरवण्यासारखा दागिनाही केलेला नाही. कादंबरी लिहिताना आम्ही लोक गरिबीचे वर्णन करायला बसलो की फाटके लुगडे, गळके छप्पर, विझलेली चूल अशी मांडणी करीत सुटतो. इथे तसे काही नाही. आई आहे, तिच्या ओव्या आहेत, तिचे कष्ट आहेत, आणि तिचा धीर आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून लेखकाने काही केलेले नाही. म्हणूनच ते येते.

शाळेतला एक प्रसंग बहुतेकांना ठाऊक असेल. गुरुजींनी मुलांना मोठेपणी कोण होणार ते लिहायला सांगितले. कोणी थोर पुढाऱ्यांची नावे लिहिली, कोणी विद्वानांची. या मुलाने स्वतःचेच नाव लिहिले. मास्तरांना त्यात अहंकार दिसला. मी मास्तर आहे, माझ्याही कपाळाला आठी पडली असती. पण आज वाटते, ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची खात्री नाही, त्या मुलाने मला माझ्यासारखेच व्हायचे आहे असे म्हणायला केवढे धाडस लागले असेल!

याहून मोठा प्रसंग १९३२ सालचा. त्याआधी, १९२९ साली, लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा हा शाळकरी मुलगा कराडात ती बातमी रोज वाचीत होता आणि शेवटी घरचे माणूस गेल्यासारखा रडला होता. आता २६ जानेवारी १९३२ रोजी झेंडा लावल्याबद्दल त्याला अटक झाली; पुढे अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आई भेटायला आली, बरोबर एक गुरुजी होते. गुरुजींनी सुचवले की माफी मागितली तर मुलगा सुटेल. त्यांचाही हेतू वाईट नव्हता. मुलाचे शिक्षण बुडू नये एवढेच त्यांना वाटत होते. पण ती निरक्षर आई म्हणाली की माफी मागायची नाही. प्रकृतीला जप, एवढेच तिने मुलाला सांगितले.

हा प्रसंग मी दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळी मला त्या गुरुजींचीच लाज वाटली आणि त्यांचीच कीवही आली. आम्ही मास्तर लोक बहुतेक वेळा मुलाला धोक्यापासून मागे ओढण्याचे काम करतो. यशवंतरावांनी त्या गुरुजींना एक कडू शब्दही वापरलेला नाही. दुसरा कोणी लेखक असता तर आईचा मोठेपणा उठून दिसावा म्हणून त्याने मास्तरांना काळे फासले असते. या लेखकाला ते सुचलेही नाही.

तुरुंगातली पानेही अशीच मनात राहतात. आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन यांच्यासारखी माणसे तिथे भेटली. बराकीत वाचन चाले, चर्चा चाले. ज्या मुलाची शाळा तुरुंगाने बुडवली, त्याला तुरुंगातच थोरली शाळा मिळाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी. ए., मग वकिलीची परीक्षा. मधल्या काळात सत्यशोधक चळवळीविषयी भावाशी झालेले वाद, रॉय यांच्या विचारांची ओढ आणि त्यापासून दूर होणे. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झाले, ऑगस्टात चळवळ पेटली, नवरा भूमिगत झाला, आणि पुढच्या जानेवारीत नव्या नवरीला पोलिसांनी धरून नेले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. त्या बाईच्या मनात काय आले असेल, हे मला आणखी वाचायला हवे होते. यशवंतराव तिथे हात आखडता घेतात. कदाचित ते दुःख त्यांना फार जवळचे असेल; वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या, आणि त्यांच्यामागे एकाकी झालेल्या यशवंतरावांचे हे पुस्तक दुसऱ्या वर्षी निघाले.

आता उणीव. हे पुस्तक तीन भागांतले पहिले होते. दुसरा भाग सागराच्या काठचा, म्हणजे मुंबईचा; तिसरा यमुनेच्या काठचा, म्हणजे दिल्लीचा. ते लिहून झाले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव दिल्लीत वारले. तेव्हा उणिवेचा दोष लेखकाला देण्यात अर्थ नाही. मृत्यूने लेखणी काढून घेतली. परंतु वाचकाच्या हाती जे उरले ते असे, की राज्य करणाऱ्या माणसाचे चरित्र आहे आणि त्यात राज्य नाही.

याच्या अगदी उलट एक पुस्तक अमेरिकेत होऊन गेले आहे. ह्यूई लाँग हा लुइझियाना राज्याचा गव्हर्नर, १९२८ ते १९३२. तेही उसाचेच राज्य. हा गृहस्थ खेड्यातून वर आला, त्याने रस्ते बांधले, पूल बांधले, शाळेच्या मुलांना पुस्तके फुकट दिली. आणि हे करता करता सारे राज्य आपल्या मुठीत आणले. १९३३ साली त्याने आत्मचरित्र छापले. त्यात सत्ताच सत्ता आहे, आणि बोलणारा सदैव बरोबर आहे. दोन वर्षांनी त्याला कोणी गोळी घातली. पुढे रॉबर्ट पेन वॉरन या लेखकाने त्याच्या आयुष्यावरून सुचलेली एक कादंबरी १९४६ साली लिहिली आणि ती फार गाजली. लाँगने जे स्वतःबद्दल सांगितले नाही, ते कादंबरीकाराला शोधावे लागले.

लाँगचे पुस्तक सत्तेने भरलेले आणि यशवंतरावांचे सत्तेच्या आधीच थांबलेले. मला विचाराल तर घरात ठेवावे ते यशवंतरावांचे. पण सत्तेविषयी आपण अडाणी राहतो ते दोन्हींनी. एकाने बढाई मारली म्हणून, दुसऱ्याला सांगायला वेळ मिळाला नाही म्हणून.

आणि सांगण्यासारखे किती होते! १९५५ साली संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला, तेव्हा नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करावी लागली तर आपण नेहरूंबरोबर राहू, असे यशवंतरावांनी जाहीर केले. लोक संतापले. पुढे शंभरावर माणसे त्या लढ्यात बळी गेली. १९५७ च्या निवडणुकीत कराडला ते थोडक्या मतांनी निवडून आले. आणि तीन वर्षांनी महाराष्ट्राचा मंगल कलश त्यांच्याच हाती आला. आईने माफी मागू नको म्हणून सांगितलेला तो मुलगा या पाच वर्षांत मनातून काय काय सोसून गेला असेल? १९७५ साली कराडलाच साहित्य संमेलन भरले. आणीबाणी चालू होती. अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या, आणि केंद्रातले मंत्री यशवंतराव तिथे हजर होते. एके काळी झेंड्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाला ते ऐकताना काय वाटले? हे फक्त तेच सांगू शकत होते. ते पान कोरे राहिले, आणि मला ते कोरे पान टोचते. मौनाला मी मोठेपणा म्हणणार नाही.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना तर मुंबईच्या काठचा भाग फार हवा होता. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. ज्या दिवशी यशवंतराव मुख्यमंत्री झाले, त्याच दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. गरिबांच्या मुलांची फी माफ झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावी शाळा पोचल्या. हे उपकार मी विसरणार नाही. माझ्या हातात पाटी आली ती अशाच एका शाळेत.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. यशवंतरावांच्या राज्यात सरकारने अशा कारखान्यांना भांडवल दिले, आधार दिला, आणि पश्चिमेकडच्या नद्यांच्या काठी कारखान्यामागून कारखाना उभा राहिला. शेतकरी मालक झाला. ही सामान्य गोष्ट नव्हे. सावकाराच्या दारात उभा राहणारा माणूस स्वतःच्या कारखान्याच्या सभेत उभा राहून बोलू लागला. मात्र त्या कारखान्यांना ऊस तोडून द्यायला माणसे लागली, आणि ती माणसे बालाघाटच्या डोंगरातून, आमच्या कोरडवाहू गावांतून गेली. तिकडे पाणी गेले, इकडून कोयता गेला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम पावसाळ्यात येतो आणि उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरतात. भांडी, बाजरीचे पीठ, शेळी, कोंबड्या आणि मुले, सारे एका गाडीत. तिकडे उसाच्या पाचटाची कोपी. पहाटे अंधारात उठायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. चैत्राच्या आसपास पट्टा पडला की परत. तोवर शाळेची परीक्षा तोंडावर आलेली असते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांनी काही मुले वाचलीही. तरी माझ्या वर्गातले बाक दिवाळीनंतर निम्मे रिकामे होतात. हे मी हजेरीपटावर पाहतो.

याचा दोष एकट्या कृष्णाकाठाला देणे अन्यायाचे होईल. पुढे मराठवाड्यातले मुख्यमंत्री झाले. शंकरराव चव्हाण झाले, शिवाजीराव पाटील निलंगेकर झाले, विलासराव देशमुख झाले. आमच्याच जिल्ह्यातले गोपीनाथराव मुंडे १९९५ ते १९९९ उपमुख्यमंत्री होते. कोयता कोणाच्याही काळात थांबला नाही. म्हणून यशवंतरावांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मला मुळीच वाटत नाही. मला त्यांनी सांगायला हवे होते, इतकेच. विठाबाईचा मुलगा राज्य करीत असताना उसाच्या फडातली आई त्याला कधी दिसली का? दिसली असेल तर त्याने काय केले, आणि जमले नसेल तर का जमले नाही? त्यांच्या लेखणीला खोटे लिहिता येत नव्हते, हे ‘कृष्णाकाठ’ वाचून कोणालाही कळेल. म्हणूनच हा प्रश्न दुसऱ्या कोणाला नाही, त्यांनाच विचारावासा वाटतो.

पुस्तक वाचून झाले तेव्हा त्या सहावीतल्या मुलाची आई शाळेत आली. मुलाला बरोबर न्यावे की ठेवावे, हे तिला विचारायचे होते. मुलगा हुशार आहे. मी तिला बसवले आणि विठाबाईची गोष्ट सांगितली. नवरा गेला, हाताशी पैसा नाही, तरी तिने मुलांना शाळेतून काढले नाही. माफी मागून मुलगा सुटत होता तरी मागू दिली नाही. बाई लक्ष देऊन ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, “लई खंबीर बाई होती, गुरुजी. पन तिला घर सोडून जावं लागलं न्हाई. माजी सासू आसती तर म्या बी ठिवलं आसतं.”

एवढ्या वर्षांत ‘कृष्णाकाठ’वर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. त्या पुस्तकातल्या आईच्या पायाखाली कराडचे घर होते, पाठीशी देवराष्ट्र्याचे माहेर होते, कमावता थोरला मुलगा होता. तिचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. पण धीर टिकायला जमीन लागते, हे मला त्या बाईने शिकवले. माझ्याही आयुष्यात ती जमीन आजीच होती. ते मी विसरून गेलो होतो आणि सगळे श्रेय स्वतःच्या जिद्दीला देत होतो.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांनी हे पुस्तक जरूर घ्यावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. सत्तर-पाऊणशे वर्षांत आत्मचरित्रे पुष्कळ निघाली. इतके निर्मळ, इतके द्वेषरहित पुस्तक विरळा. मात्र ते संपले की महाराष्ट्राची गोष्ट संपली असे समजू नये. उरलेले दोन काठ लिहायचे राहिले आहेत, आणि ते आता राज्यकर्त्यांच्या हातून लिहून होतील असे मला वाटत नाही.

त्या मुलासाठी मी वसतिगृहात खटपट करून पाहिली. पण रात्री त्याला ज्यांच्याकडे निजायला ठेवायचे, असे गावात त्याचे कोणीच नाही. माझ्या घरी ठेवा म्हटले, तर बाप म्हणाला, धाकटीला कोपीवर सांभाळायला तोच लागतो. जाताना मी त्याला एक कोरी वही दिली आणि रोज काय पाहिले ते लिहायला सांगितले. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो कृष्णाकाठी असेल.